मधु सप्रे : मॉडेल माणूस की वस्तू?

परवा इंदापूरला व्याख्यान संपता संपता एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मॉडेल म्हणजे माणूस की वस्तू?" तेव्हा वेळ नव्हता. आज बारामतीत उत्तराचा प्रयत्न करतो. उदाहरण घेऊ मराठी घरातल्याच मधु सप्रेचं.

मधु मुळात खेळाडू. मॉडेलिंग नंतर आलं. १९९२ साली ती बँकॉकला 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत भारतातर्फे उतरली. शेवटच्या फेरीत प्रश्न आला : देशाची प्रमुख झालीस तर आधी काय करशील? ती म्हणाली, मोठं क्रीडा संकुल उभारीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला, मधु तिसरी आली. त्या उत्तरामुळेच मुकुट हुकला, असं आजही बोललं जातं. आता बघा, खेळाडूच्या मनात मैदानच येणार ना? पण गरीब देशाच्या मुलीनं गरिबीबद्दलच बोलावं, हे लोकांनी आधीच ठरवलेलं होतं.

मग १९९५ साल. 'टफ' बुटांची जाहिरात आली. मधु आणि मिलिंद सोमण. अंगावर फक्त बूट आणि भोवती अजगर. छायाचित्रकार होते प्रबुद्ध दासगुप्ता. मोठा गदारोळ झाला, अश्लीलतेचा खटला भरला गेला. निर्दोष सुटका झाली २००९ साली. म्हणजे १४ वर्षं! शिक्षा कुणालाच झाली नाही. पण ऐन उमेदीची १४ वर्षं डोक्यावर टांगती तलवार, ही शिक्षा नव्हे तर काय?

आता मूळ प्रश्न. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. यातला 'केवळ' हा शब्द सोडू नका. आपल्या भागात ऊसतोड मजूर येतात. कारखाना त्यांच्या शरीराच्या कष्टावरच चालतो. पैलवानही शरीरावरच पोट भरतो. शरीरानं काम केल्यामुळे कुणी वस्तू होत नाही. त्या माणसाला स्वतःचं मन आहे, इच्छा आहे, 'नाही' म्हणायचा हक्क आहे, हे आपण विसरलो की तो आपल्या लेखी वस्तू होतो.

या कसोटीवर जाहिरातदारांना जरूर तपासा. तिनं होकार दिला होता, एवढ्यावर त्यांची जबाबदारी संपत नाही. पण टीका करणाऱ्यांनाही तीच कसोटी लावा. जाहिरातीनं तिच्या देहाकडे बघितलं, आणि संस्कृतीच्या नावानं ओरडणाऱ्यांनीही देहाकडेच बघितलं. तिचं म्हणणं काय, हे किती जणांनी विचारलं?

पुढे २०१४ साली, टेनिसपटू बोरिस बेकरच्या छायाचित्राच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. संदर्भ आणि आजच्या समाजाची धारणा बघायला हवी. मधुच्या सुटकेला तेव्हा ५ वर्षं होऊन गेली होती. लग्न करून ती इटलीत स्थायिक झाली होती.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझं उत्तर असं : मॉडेल माणूसच असते, बाळ. तिचा फोटो बघताना ते आपल्या ध्यानात राहतं का, एवढंच तपासायचं.