अपरिचित घास आणि परिचित नाव
फास्ट फूडच्या ग्राहकाची निर्णयप्रक्रिया : एक विवेचन

१

खाद्यपदार्थाची निवड ही चवीची बाब आहे, असे सामान्यतः मानले जाते. फास्ट फूडच्या दुकानात एखादा अपरिचित पदार्थ प्रथमच विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत मात्र ही समजूत अपुरी ठरते. जो पदार्थ त्याने कधी खाल्लेला नाही त्याची चव त्याला ठाऊक असणे शक्य नाही. चव कळते ती पैसे दिल्यानंतर. घरी केलेला नवा पदार्थ निदान ओळखीच्या हातचा असतो. त्याचा वास आधी येतो, तो किंचित चाखून बाजूला ठेवता येतो. फास्ट फूडच्या दुकानात रांधणारा अनोळखी, पदार्थाचा आकार ठरलेला, आणि ग्राहकाच्या मागे रांग उभी असते. अशा वेळी त्याच्या हाती उरते ते फलकावरील नाव, शेजारचे चित्र, किंमत, यादीतील त्या पदार्थाचे स्थान आणि आसपासचे लोक काय खात आहेत याचे ओझरते निरीक्षण. म्हणजेच तो पदार्थ खाण्यापूर्वी वाचतो. या वाचनाचे स्वरूप काय, ते कोणत्या पूर्वज्ञानावर उभे असते, आणि ज्या शब्दांवर ते विसंबते ते शब्दच अपुरे निघाले तर काय घडते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अपरिचितपणा हा पदार्थाच्या अंगचा गुण नव्हे. तो पदार्थ आणि खाणारा यांच्यातील संबंधाचा गुण आहे. वडापाव मुंबईच्या माणसाला रोजचा, तर परदेशातून प्रथमच आलेल्या प्रवाशाला नवलाचा. म्हणून 'विचित्र पदार्थ' अशी स्वतंत्र जात कल्पून तिचा अभ्यास करता येत नाही. अभ्यास करावयाचा तो ओळखीच्या सीमेचा.

२

मनुष्य सर्वभक्षी आहे. या स्थितीतून निर्माण होणारा पेच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ साली नेमकेपणाने मांडला. नवे अन्न शोधण्यात सर्वभक्षी प्राण्याचा लाभ असतो, परंतु नवे अन्न विषारीही असू शकते. त्यामुळे कुतूहल आणि भय या दोन्ही वृत्ती त्याच्या ठायी एकत्र नांदतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ क्लोद फिशलर यांनी याच पेचाचे सामाजिक अंग उलगडले. खाल्लेले अन्न शरीरात जाते आणि खाणाऱ्याचा अंश बनते. म्हणून आपण काय खातो हे न कळणे म्हणजे आपण कोण होत आहोत हे न कळणे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. ही भीती केवळ विषाची नाही, स्वत्वाची आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

या भयाला उतार पडतो तो कसा, याविषयीची काही निरीक्षणे उपयुक्त आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार समोर आल्यानेच तिच्याविषयीची पसंती वाढू शकते. एलिझाबेथ रोझिन यांनी १९७३ साली 'स्वादतत्त्वा'ची कल्पना मांडली : प्रत्येक पाकपरंपरेत मसाल्यांचे काही ठरावीक मेळ असतात, आणि नवा पदार्थ त्या ओळखीच्या मेळात आला तर तो सहज स्वीकारला जातो. पॅट्रिशिया प्लायनर व करेन हॉब्डेन यांनी १९९२ साली दहा विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्या साहाय्याने नव्या अन्नाविषयीची नावड व्यक्तिपरत्वे किती भिन्न असते हे पाहता येते.

साहित्याच्या अभ्यासकाला या निरीक्षणांचे मर्म ओळखीचे वाटेल. वाक्यात एकच शब्द अपरिचित असेल तर वाचक संदर्भावरून त्याचा अर्थ लावतो आणि त्या शोधाचा आनंदही घेतो. चार शब्द अपरिचित असतील तर तो पुस्तक मिटतो. खाद्यपदार्थाच्या बाबतीतही जवळजवळ असेच घडते. घटक, रचना, मसाला, नाव आणि प्रसंग यांपैकी एखादेच अंग नवे असले तर ग्राहक धाडस करतो. सारीच नवी असली तर तो नेहमीच्या पदार्थाकडे वळतो.

३

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. सिनसिनाटी शहरातील मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाचे चालक लू ग्रोन यांच्यापुढे १९६० च्या सुमारास एक अडचण उभी राहिली. त्या भागात रोमन कॅथलिकांची वस्ती मोठी होती, आणि शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने त्या दिवशी विक्री घसरत असे. ग्रोन यांनी तळलेल्या माशाचे सँडविच सुचविले. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांच्या मनात दुसरीच कल्पना होती : पावात भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. तिला त्यांनी 'हुला बर्गर' असे नाव दिले होते. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही पदार्थ विक्रीस ठेवण्यात आले. ग्रोन यांनी पुढे सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे माशाची सँडविचे ३५० खपली आणि हुला बर्गर ६. माशाचे सँडविच १९६५ मध्ये त्या कंपनीच्या देशभरातील यादीत गेले. अननस विस्मृतीत गेले.

धर्माज्ञेच्या दृष्टीने दोन्ही पदार्थ सारखेच निर्दोष होते. तरीही ग्राहकाने एकाला जवळ केले, ते का? शुक्रवार आणि मासा ही जोडी त्याच्या मनात पूर्वापार रुजलेली होती. नवे होते ते इतकेच, की तो मासा या दुकानात पावात मिळत होता. अननसाच्या बाबतीत मात्र फळाने मांसाची जागा घेतली होती, आणि त्या जागी फळ येणे ग्राहकाच्या भोजनक्रमात बसत नव्हते. एका दुकानातील एका दिवसाच्या विक्रीवरून सिद्धान्त उभारता येणार नाही हे खरे. पण वर सांगितलेली दिशा येथे स्पष्ट दिसते.

याच्या उलट वाटणारे उदाहरण केएफसीच्या 'डबल डाउन' या पदार्थाचे. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत आणलेल्या या सँडविचमध्ये पाव नव्हताच. कोंबडीच्या दोन तळलेल्या तुकड्यांमध्ये बेकन आणि चीज ठेवलेले होते. तो थोड्या काळापुरता आणला असताना मागणीमुळे त्याची मुदत वाढविण्यात आली. वरवर पाहता हा पदार्थ फार विक्षिप्त होता. परंतु त्यातील प्रत्येक घटक अमेरिकन ग्राहकाच्या पूर्ण ओळखीचा होता. उलटापालट झाली होती ती फक्त रचनेची. शिवाय असा पदार्थ खाण्याइतकाच सांगण्यासाठी घेतला जातो. ग्राहक पोट भरतो आणि एक किस्साही घेऊन जातो. 'थोडेच दिवस मिळेल' या सूचनेचाही परिणाम येथे होतो. 'हे मला आवडेल का?' हा प्रश्न बाजूला पडून 'हे माझ्याकडून राहून जाईल का?' हा प्रश्न पुढे येतो, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे पुष्कळ सोपे असते.

४

भारतात हा प्रश्न चवीच्या आणि कुतूहलाच्या पलीकडे जातो, कारण येथे अन्न कोणी शिजविले आणि ते कोणाबरोबर खाल्ले यावर जातीची व धर्माची ओळख दीर्घकाळ अवलंबून राहिली. मराठी समाजातील पावाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, बटाटाही त्यांच्याच भाषेतून. पाव खाल्ला की माणूस बाटतो ही समजूत इतकी दृढ होती, की १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला जातिभेद झुगारल्याची खूण म्हणून पाव खावा लागे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये दिलेल्या चहाबिस्किटांवरून उठलेले वादळ प्रायश्चित्तापर्यंत गेले, आणि त्यात रानडे व टिळक या दोघांचीही नावे होती. येथे पदार्थाच्या चवीविषयी कोणीच बोलत नव्हते. वाद होता तो त्या घोटाचा अर्थ काय, याविषयी.

अशा पावात बटाटेवडा घालून तो दादर स्थानकाबाहेर विकण्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते, आणि त्याचा काळ १९६६ चा सांगितला जातो. आज मराठी ओळखीची खूण मानला जाणारा हा पदार्थ त्या वेळी नवाच होता. परंतु बटाटेवडा घरचा, लसणाची चटणी घरची, आणि पाव एव्हाना गिरणगावाच्या व इराणी हॉटेलांच्या सवयीचा झालेला. ओळखीच्या दोन गोष्टी नव्या रीतीने एकत्र आल्या, एवढेच. शिवाय वडा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर कढईतून निघत होता; जे नाव घेतले जात होते तेच हाती पडत होते. लोकलगाडी पकडणाऱ्याला ताटापाण्यावाचून उभ्या उभ्या खाता येणे ही त्यात भर पडली.

५

केएफसीचे भारतातील पहिले दुकान १९९५ साली बंगलोरला आणि मॅकडोनाल्ड्सचे पहिले दुकान ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीला उघडले. मॅकडोनाल्ड्सने भारतात गोमांस व डुकराचे मांस ठेवले नाही, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा व भांडी वेगळी केली, आणि अंडे नसलेले मेयोनेज वापरले. तथापि ग्राहकाला हे सारे दिसावे कसे? त्यासाठी नावांची योजना महत्त्वाची ठरली. अमेरिकेतील 'बिग मॅक' गोमांसाचा. त्याच्या जागी येथे 'महाराजा मॅक' आला, प्रथम मटणाचा आणि पुढे कोंबडीचा. विशेषण बदलल्यामुळे पदार्थ वेगळा आहे ही ग्वाही नावातच मिळाली, आणि भव्यतेची सूचनाही टिकली.

'मॅकआलू टिक्की' हे नाव तर अधिक लक्षणीय आहे. त्यातील 'मॅक' हा उपसर्ग परका, आणि 'आलू टिक्की' हा शब्द उत्तर भारतातील चाटच्या गाडीवरचा. ग्राहक उपसर्गाचे कुतूहल करतो आणि उरलेल्या शब्दावर विसावतो. 'हॅम्बर्गर' हा मूळ शब्द हँबुर्ग शहराच्या नावावरून आलेला. इंग्रजीतच त्याचा लचका तोडून 'बर्गर' हा स्वतंत्र शब्द निघाला. भारतात तो मांसापासूनही सुटला, आणि 'व्हेज बर्गर' या शब्दयोजनेत कोणाला विसंगती जाणवेनाशी झाली. भाषांतरात ज्याला रूपांतर म्हणतात तेच येथे पदार्थाच्या अंगाने घडलेले दिसते.

मात्र ओळख पटली की तुलनाही सुरू होते. बटाट्याची टिक्की घातलेला बर्गर महाराष्ट्रातील ग्राहकाला वडापावाच्या कुळातला वाटतो. मग तो किमतीचीही तुलना करतो. जे नाव भय दूर करते तेच नाव नवलाई कमी करते. विक्रेत्याला या दोन्हींचा तोल सांभाळावा लागतो. ग्राहकही तो आपल्या परीने सांभाळतो : मित्रमंडळींतील एकजण नवा पदार्थ मागवितो, बाकीचे नेहमीचा मागवून त्याचा तुकडा मागतात. धोका वाटून घेतला जातो, आणि पुढच्या खेपेचा निर्णय ऐकीव राहत नाही.

६

हे सारे वाचन ज्या गृहीतावर उभे आहे ते म्हणजे शब्दांवरील विश्वास. तो विश्वास डळमळला की काय होते, हे २००१ साली दिसले. मॅकडोनाल्ड्सने १९९० साली अमेरिकेत बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्यांसाठी गोचरबीऐवजी वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर केले होते. तेल बदलले, परंतु स्वादासाठी गोमांसाचा अर्क वापरला जात होता, आणि घटकांच्या यादीत त्याचा उल्लेख 'नैसर्गिक स्वाद' एवढाच होता. अमेरिकेतील शाकाहारी ग्राहकांच्या वतीने सिअ‍ॅटल येथे २००१ मध्ये दावा दाखल झाला. कंपनीने क्षमा मागितली, आणि २००२ मध्ये १ कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी व अन्य संस्थांना देण्याचे मान्य करून तडजोड केली. भारतातील काचऱ्यांत असा घटक नसल्याचे कंपनीने सांगितले, तरी मुंबई व परिसरात निदर्शने झाली.

बटाटा हा शाकाहारी माणसाला सर्वांत निःशंक वाटणारा पदार्थ. ज्यांनी तो वर्षानुवर्षे खाल्ला त्यांना चवीत काही वावगे आढळले नव्हते. उलट ती आवडली होती. त्यांची तक्रार वाचलेल्या शब्दाविषयी होती. 'नैसर्गिक स्वाद' हे शब्द असत्य नव्हते, पण वाचकाने त्यांतून जो अर्थ घेणे स्वाभाविक होते तो त्यांत नव्हता. फिशलर यांनी म्हटलेले स्वत्वाचे भय येथे प्रत्यक्षात उतरले, आणि तेही खाऊन झाल्यानंतर. ही हानी रकमेत मोजता येत नाही. भारतात पाकीटबंद पदार्थांवर शाकाहार व मांसाहार यांच्या खुणा याच सुमारास सक्तीच्या झाल्या. हिरवा ठिपका ही खूण कोणतीही लिपी न येणाऱ्यालाही वाचता येते, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे.

७

अपरिचित पदार्थ घेणारा ग्राहक लहरी किंवा जाहिरातीला भुललेला असतो, असे मत सहज व्यक्त केले जाते. वरील उदाहरणांवरून ते टिकत नाही. थोड्या वेळात आणि अपुऱ्या माहितीवर तो आपल्या परंपरेने दिलेल्या व्याकरणाच्या आधारे एक अर्थ लावतो, आणि त्या अर्थावर विसंबून परक्या हातचे अन्न मुखी घालतो. यादीतील नावे ही म्हणूनच केवळ विक्रीची साधने नसून एक प्रकारची वचने आहेत. पदार्थांच्या याद्या, फलक आणि वेष्टनांवरील मजकूर यांकडे भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. शब्दाचा अर्थ चुकला तर वाचकाचे काय जाते, हा प्रश्न साहित्यात बहुधा तात्त्विक राहतो; या मजकुरात तो दररोज आणि प्रत्येक घासागणिक उपस्थित होत असतो.