यंदा २ ऑक्टोबरला गावाकडे?

खरं सांगा, २ ऑक्टोबरला तुम्ही किती वाजता उठता? पाइपलाइन रोडवरच्या आमच्या रूमवर त्या दिवशी दहाच्या आधी चहा होत नाही. कॉलेज बंद, क्लास बंद, मेसला उशीर. कुणीतरी ‘आज ड्राय डे आहे रे’ म्हणतं, स्टेटसला चष्मा आणि काठीचं चित्र पडतं आणि गांधी जयंती संपते. यंदा तर शुक्रवार. सलग तीन दिवस!

मीही गेली चार वर्षं हेच केलं. गेल्या वर्षी मात्र त्या झोपेची किंमत कळली. ती गोष्ट सांगतेच, पण आधी ही सुट्टी आली कुठून ते बघू.

वर्षात आपल्याला सुट्ट्या ढीगभर मिळतात, पण राष्ट्रीय सुट्ट्या तीनच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्यातली एकच एका माणसाच्या जन्मदिवसाची. गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. याच तारखेला १९०४ मध्ये मुगलसरायला लालबहादूर शास्त्री जन्मले, पण त्यांची आठवण आपल्याला फोटोला हार घालताना होते. गंमत म्हणजे राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी काढतं, तिला आधार असतो १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा. म्हणजे चेक आणि हुंड्यांच्या कायद्याचा! सुट्टीच्या दिवशी बँकांचे व्यवहार कसे धरायचे हे इंग्रजांना ठरवायचं होतं. आपली झोप त्या कायद्यावर उभी आहे.

आता ज्यांची जयंती, त्यांना काय हवं होतं? त्यांचा जन्म तिथीने भाद्रपद वद्य द्वादशीचा. माझा वाढदिवस करायचाच असेल तर चरखा चालवून करा, असं त्यांनी सांगितलं. म्हणून गुजरातमध्ये ही तिथी ‘रेंटिया बारस’ म्हणून ओळखली जाते. रेंटियो म्हणजे चरखा, बारस म्हणजे द्वादशी. त्या दिवशी लोक एकत्र बसून सूत काततात. शास्त्रीजींचंही तसंच. १९६५ मध्ये देशात धान्याची टंचाई होती, तेव्हा त्यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. दोघांनीही लोकांकडे मागितलं ते काहीतरी करणं.

मग आज आपण काय करायचं? चरखा तर आपल्या रूमवर नाही. उत्तर आपल्या नगरच्या जवळून जातं.

सावेडीतून गाडीवर निघालात तर दहा-पंधरा मिनिटांत भुईकोट किल्ला लागतो. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते याच किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. गांधीजी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. आझादांची पत्नी १९४३ मध्ये कलकत्त्यात वारली, तेव्हाही ते इथेच बंद होते.

नगरच्या किल्ल्यातले हेच कैदी नेहरू पुढे पंतप्रधान झाले आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातल्या नागौरला त्यांनी पंचायत राजचं उद्घाटन केलं. तारीख मुद्दाम गांधी जयंतीची. गावाचा कारभार गावाने करावा, हे गांधीजींचं म्हणणं होतं म्हणून. सगळ्यांना ते पटलेलं नव्हतं बरं का. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी गावातल्या संकुचितपणावर कडक शब्दांत टीका केली होती. गावात वाढलेल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही. तरी राज्यघटनेत कलम ४० आलं, १९९३ मध्ये ७३ वी दुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २०१८ पासून पुढच्या वर्षाचा गाव विकास आराखडा करण्याची मोहीमही २ ऑक्टोबरलाच सुरू होऊ लागली.

म्हणजे तुम्ही रूमवर झोपलेले असता, तेव्हा गावात तुमच्या नावावर ग्रामसभा भरलेली असते.

आता माझी गोष्ट. माझं गाव पाथर्डी तालुक्यात. गावात अभ्यासिका हवी म्हणून आम्हा पोरापोरींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षभर चर्चा. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, लाइट, मुलींना बसायला जागा, सगळं ठरलेलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आमच्यातलं एकही गेलं नाही. नियम असा, की गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं लागतात. आमच्याकडे शंभर हवी होती. जमली नाहीत, सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! पुढच्या सभेला वीसेक माणसं आली, त्यांनी हात वर केले आणि ठराव झाला. कशाचा? गावाच्या वेशीवर कमान उभारण्याचा.

दिवाळीत घरी गेले आणि चुलत्यांपुढे तणतणले. ते शांतपणे म्हणाले, “मग तव्हा तू कुठं होतीस?” काय उत्तर देणार? पाइपलाइन रोडला, पांघरुणात.

म्हणून यंदा बॅग भरली आहे. तुम्हीही भरा. वय अठरा पूर्ण आणि गावच्या मतदार यादीत नाव, एवढंच लागतं. तुमचा विषय आधीच लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आपल्या गावात ती खरंच होते का, हे आईला आजच विचारा. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, तेही निघण्याआधी बघा. बोलताना आवाज थरथरेल, मागून कुणीतरी ‘शहरात शिकून आली’ असा टोमणा मारेल. मारू दे. ग्रामसभेने काय होतं हे बघायला लांब जायला नको. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरवायची सवय लावून घेतली.

आणि तुमचं मतदान सावेडीतच असेल तर? सावेडी आता महापालिकेत, इथे ग्रामसभा नाही. मग सकाळी ओळखपत्र घेऊन किल्ल्याकडे तरी जाऊन या.

आमच्या गावची कमान अजून अर्धीच झालीय. अभ्यासिकेचा अर्ज मी यंदा आधीच देऊन ठेवलाय, पोच पाकिटात आहे. शंभर माणसं जमतात का, ते २ तारखेला कळेल. त्यातली एक मी असेन.