गरम लागलं की सांगा

रेडिओवर बोलायचं आणि विषयही रेडिओलहरींचाच! पण या लहरी गाणी ऐकवत नाहीत, कातडी तापवतात. वीज आत शिरताना अडखळते, तिथं उष्णता होते, कोलॅजन आकसतं आणि सैल त्वचा थोडी घट्ट होते. थोडीच हं!

डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी ‘थर्माकूल’ या यंत्राला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. वरची त्वचा भाजू नये म्हणून त्यात गार फवारा होता. तरी सुरुवातीला डॉक्टर एकाच फेरीत भरपूर ऊर्जा देत; दुखतं म्हणून गुंगीचं औषधही देत. म्हणजे कुठं जास्त तापतंय हे सांगणाराच गप्प! काहींना भाजलं, काहींच्या त्वचेखालची चरबी जळून खळगे पडले. पुढं कमी ऊर्जेच्या अनेक फेऱ्या सुरू झाल्या. त्रास घटला, गुणही जास्त आला.

म्हणून मी गुंगी देत नाही. ‘सोसते मी, वाढवा अजून,’ असं कुणी म्हणालं, की यंत्र बाजूला ठेवते. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आणि सुयांवाटे लहरी सोडणारी यंत्रं घरी वापरू नका. भाजणं, व्रण, मज्जातंतूंना इजा, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.