लोणारचें पालटतें रूप

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर तेंच आहे. पाहणाराची दृष्टि मात्र पालटत गेली. भाविकांनीं तेथें लवणासुराचा वध पाहिला. दैत्यसूदनाचें मंदिर ही त्याचीच स्मृति. व्यवहारी माणसांनीं क्षार पाहिला; साबण व काच करण्याचीं द्रव्यें येथें मिळतात, असें ‘आइन-ए-अकबरी’ सांगते. पुढें पुष्कळांनीं तें ज्वालामुखीचें मुख मानलें. १९७३ सालच्या संशोधनानें उल्काघाताचा पुरावा दिला. २०२० सालीं क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळें पाणी गुलाबी झालें, आणि त्याच वर्षीं सरोवर रामसर यादींत आलें. सांडपाणी मिसळत राहिल्यास हा खारेपणाच उणावेल. पूर्वीं क्षार उचलण्यांत लाभ होता. आतां तो राखण्यांत आहे.