डॉ. एडिथ पॉटर यांचे संशोधन आणि आपले ग्रहण

प्रत्येक घटनेला कारण असते आणि कारण दूर झाले की परिणामही थांबतो, हे तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचे सार होय. विहारात आपण ते ऐकतो. परंतु घरात व्यंग असलेले मूल जन्मले की नेमके तेच विसरतो. माझ्या एका चुलत बहिणीचे पहिले बाळ काही तासच जगले. नाक चपटे, पाय वाकडे. "ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून झाले," हे बोल तिने पुढे अनेक वर्षे ऐकले. त्या बाळाला नेमके काय झाले होते, हे आता सांगता येणार नाही. मात्र अशा बाळांविषयी एका स्त्री-संशोधकाने केलेले काम आपण समजून घेतले पाहिजे. मी कला शाखेचा विद्यार्थी. म्हणून सोप्या भाषेतच मांडतो.

डॉ. एडिथ पॉटर (१९०१-१९९३) या अमेरिकेतील शिकागो येथील एका प्रसूती रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होत्या. त्या काळी दगावलेल्या नवजात बाळांच्या मृत्यूचे कारण शोधण्याकडे फारसे लक्ष दिले जात नसे. त्यांनी ते काम आयुष्यभर केले. सुमारे ५००० शवविच्छेदनांतील २० बाळांना दोन्ही मूत्रपिंडे नव्हती आणि त्या सर्वांचे चेहरे एकमेकांसारखे होते : चपटे नाक, मागे गेलेली हनुवटी, खाली सरकलेले कान, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून उतरणारी घडी. १९४६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

मूत्रपिंडे नाहीत, तर नाक चपटे का व्हावे? याचे उत्तर गर्भजलात आहे. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनते. मूत्रपिंडे नसतील तर लघवी नाही आणि पाणीही नाही. मग गर्भाशयाच्या भिंतीचा दाब बाळावर पडून चेहरा चपटा होतो, हातपाय वाकतात. फुप्फुसेही पुरती वाढत नाहीत. पोटात असेपर्यंत वारेमार्फत आईचे शरीर बाळाचे रक्त शुद्ध करते. म्हणून मूत्रपिंडांवाचून ते जगते. जन्मल्यावर मात्र श्वास पुरत नाही. १९७४ साली थॉमस व स्मिथ यांनी दाखविले की, मूत्रपिंडे असूनही गर्भजल दीर्घकाळ गळत राहिले तरी हीच लक्षणे दिसतात. कारणांची साखळी अशी पूर्ण झाली.

पॉटर यांनी ओसाथानोंध यांच्यासह मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका सुट्या करून तपासल्या आणि १९६४ साली गाठीयुक्त मूत्रपिंडांचे प्रकार मांडले. आज आपल्याला माहीत आहे की, त्यांतील काही आजार आनुवंशिक असतात. बालवयातील एका प्रकारात सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला चारांत एक इतका धोका असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात असे जनुक एकत्र येण्याची शक्यता वाढते. मोठेपणी दिसणारा प्रकार आई किंवा वडील, कोणाही एकाकडून येऊ शकतो. म्हणजे एकट्या आईकडे बोट दाखविण्यास येथे जागाच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गर्भाची मूत्रपिंडे पाचव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागतात. त्या वेळी दिवस गेल्याचे अनेकींना नुकतेच कळलेले असते. मग सातव्या महिन्यातील ग्रहणात चिरलेल्या भाजीने मूत्रपिंडे कशी नाहीशी होणार?

आपण काय करावे? १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी चुकवू नये. गर्भजल व मूत्रपिंडे त्यात दिसतात. गरोदरपणात औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. रक्तदाबावरील काही गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडांना अपायकारक असतात. आधीचे मूल असे दगावले असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. लपवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, पॉटर यांच्या टेबलावर आलेले एकही बाळ त्या वाचवू शकल्या नाहीत. परंतु त्यांनी कारण शोधले आणि पुढच्या असंख्य मातांच्या माथ्यावरचा दोष पुसण्याचे साधन जगाला दिले. आपल्या वस्तीतील बाळंतिणीला कोणी बोल लावीत असेल, तर हे कारण तेथे जाऊन सांगणे हेही धम्मकार्यच होय.

जय भीम!