जनता घड्याळाची काच

बाबांचं घड्याळ कपाटातल्या स्टीलच्या डब्यात सापडलं, तेव्हा ते किती वाजता थांबलंय हेही धड दिसत नव्हतं. एचएमटीचं ‘जनता’. १९७० च्या दशकात पहिल्या पगारातून घेतलेलं आणि पुढं तीसेक वर्षं त्यांच्या मनगटावर राहिलेलं. काच पिवळसर, धुरकट झालेली आणि कडेपासून मधोमध एक चीर गेलेली. पहिल्या दुकानात मला सांगितलं गेलं, “डायल गेलीये. रंगवून देतो, एकदम शोरूमसारखी दिसेल.” मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. मग एका मित्रानं पेठेतल्या जिन्याखाली बसणाऱ्या घड्याळजींकडं नेलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ उजेडात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “डायलवर एक डाग आहे, तो राहू दे. गेलीये ती काच.”

तिथून माझा शोध सुरू झाला. जुन्या घड्याळात जीव ओतणारी माणसं मशीनबद्दल भरभरून बोलतात, काचेचा विषय एका वाक्यात संपवतात. खरं तर मार खायचा आणि खराब झाली की जागा सोडायची, हेच काचेचं काम. ती बदलली म्हणून घड्याळाचा खरेपणा कमी होत नाही. तबकडीचं तसं नाही. तिच्यावरची मूळ छपाई एकदा खरवडली की ती परत येत नाही.

‘काच’ हा शब्द आपण सवयीनं वापरतो. ‘जनता’वर असते ती ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची. मनगटी घड्याळं सैनिकांच्या हाती गेली त्या पहिल्या महायुद्धात काच खरीच होती आणि ती फुटू नये म्हणून वरून धातूची जाळी बसवत. सेल्युलॉइडचा प्रयोगही झाला, पण ते पिवळं पडे, आकसे. १९३० च्या दशकात जर्मनीत ‘प्लेक्सिग्लास’ आणि ब्रिटनमध्ये ‘पर्स्पेक्स’ या नावांनी ॲक्रिलिक बाजारात आलं. हलकं, नितळ आणि फुटलं तरी काचेसारख्या बारीक ठिकऱ्या न होणारं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या चालककक्षावर याच पर्स्पेक्सचं छत होतं. गोळ्यांनी ते फुटलं की त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं की डोळा हे कण निमूट सहन करतो, त्यांना झिडकारत नाही. त्या निरीक्षणातून १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पर्स्पेक्सचं भिंग बसवलं. आपल्याकडं मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून अशी भिंगं स्वस्तात बनवायला घेतली. माझ्या आजीच्या डोळ्यात बसवलं होतं ते याच जातीचं भिंग. हे वाचलं त्या दिवसापासून धुरकट काचेचं घड्याळ बघताना मला तिचं ऑपरेशनपूर्वीचं बघणं आठवतं.

चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची काचही ॲक्रिलिकचीच होती. नासानं १९६५ साली हे घड्याळ अंतराळवीरांसाठी निवडलं. वजनरहित यानात काचेचे तुकडे तरंगत फिरणं परवडणारं नव्हतं.

‘जनता’ची गोष्ट अर्थात जमिनीवरची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ साली एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळूरला उभा राहिला. १७ ज्युएलचं, रोज चावी द्यावी लागणारं ‘जनता’ पुढं किती घरांत पोचलं, हे आपल्या मागच्या पिढीला सांगायला नको. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. मूळ सुटे भाग आता जुन्या साठ्यांतून आणि मोडीत निघालेल्या घड्याळांतून मिळवावे लागतात. काचेचं मात्र अडत नाही. गोल काच बहुतेक वेळा कंपनीच्या नावानं नाही, मापानं मिळते. पाकिटावर ३०५ लिहिलं असेल तर ती ३०.५ मिलिमीटरची. पुढचं माप ३०६. मिलिमीटरच्या दहाव्या भागावर हा सगळा खेळ.

काकांनी तो माझ्यासमोर मांडला. चावी काढून मशीन बाहेर घेतलं आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर झाकण ठेवलं. जुनी काच आतून अंगठ्यानं दाबून काढली. केसच्या खोबणीत घामाचा आणि मळाचा हिरवट काळा थर होता. लाकडी काडीला टोक काढून त्यांनी तो गोल फिरत खरवडला. “नवी काच बसत नाही म्हणून लोक रडतात. ती या मळावर बसवतात ना!” मग व्हर्नियरनं खोबणीचं माप घेतलं आणि त्याहून किंचित मोठी काच निवडली. मोठी काच लहान भोकात जाते कशी? बारीक नखांचा पंजा काचेची कड चहूबाजूंनी धरतो. त्याचा स्क्रू आवळला की काचेचा घुमट वर फुगतो आणि परीघ आकसतो. तेवढ्यात काच खोबणीत उतरवायची आणि पंजा सैल करायचा. काच पुन्हा पसरते आणि त्या ताणावर धरून राहते. यात चिकटवणं नाही. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद इथं शत्रूच. त्याची वाफ काचेवर आणि तबकडीवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते.

आतून धातूची कडी असलेल्या काचांना पंजा चालत नाही. कडी भिंतीला आतून रेटत असते, म्हणून त्या प्रेसमध्ये सरळ दाबून बसवतात. चौकोनी काचा बहुतेक वेळा चिकटवाव्याच लागतात.

मापाइतकीच उंचीही महत्त्वाची. घुमट बसका निघाला तर सेकंदकाट्याचा मधला खुंट आतून काचेला टेकतो, घड्याळ अडखळतं आणि दोष मशीनच्या माथी जातो.

मी काकांना विचारलं, सफायर का नको? चरा पडत नाही. त्यांनी मान हलवली. नंतर वाचताना त्यांचं म्हणणं पटलं. सफायर लवत नाही, त्यामुळे या खोबणीत ती अशी ताणून बसवताच येत नाही. शिवाय ॲक्रिलिकच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, विशेष थर न दिलेल्या सफायरवरून जवळजवळ ८ टक्के. घुमटाच्या कडेला आकडे जरासे वाकलेले दिसतात, तो या घड्याळांचा चेहराच आहे. ॲक्रिलिकवर चरे पडतात हे खरं, पण वरवरचे चरे पॉलिशनं निघतात. स्पिरिट आणि ॲसिटोन मात्र तिच्या जवळही नेऊ नयेत.

जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द वापरतात, आणि तो गौरवानं नाही. जुन्या मशीनवर भडक रंगाची, नव्यानं छापलेली तबकडी चढवून विकलेली घड्याळं म्हणजे मुंबई स्पेशल. मला याचं खरंच वाईट वाटतं. त्यातल्या कितीतरी तबकड्या फक्त नवी काच मागत असतील.

बाबांच्या घड्याळाच्या तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ छापलेलं आहे. अक्षरांची बारीक रेघ आता पुन्हा वाचता येते. आणि सहाच्या आकड्याजवळचा तो तपकिरी डागही. घड्याळ त्यांच्या हातात दिलं तर ते आधी डागाकडं बघत राहिले. “वरंधा घाटात एसटी बंद पडली होती, तेव्हाचा आहे हा. रात्रभर पावसात उभे होतो. सकाळी काचेत आतून दव धरलं होतं.”

मग त्यांनी चावी दिली आणि घड्याळ कानाला लावलं.