नॉनस्टिक तवा: कशासाठी आणि कसा?

नॉनस्टिक तवा घेताना आधी ठरवावे, त्यावर काय करायचे. त्यावरचा थर बहुधा पीटीएफईचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टेफ्लॉनचा असतो. सुमारे २६० अंश सेल्सियसपर्यंत तो टिकतो. त्यापुढे बिघडू लागतो आणि फार तापला तर घातक धूर सोडतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत ही मर्यादा ओलांडतो. म्हणून धिरडी, घावन, ऑम्लेट यांसाठी तो उत्तम. भाकरी-पोळीसाठी लोखंडी तवाच बरा. तवा जाड बुडाचा घ्यावा, म्हणजे आच सारखी पसरते; इंडक्शनसाठी बुडाला लोहचुंबक चिकटतो का, ते पाहावे.

नॉनस्टिक म्हणजे विषच, असा आक्षेप घेतला जातो. चिंता मुख्यतः पीएफओए या रसायनाची होती; ते थर बनवताना वापरत, आता बहुतेक उत्पादकांनी सोडले आहे. थराचा कपचा चुकून पोटात गेला तरी तो न पचता बाहेर पडतो. महाग तवा जन्मभर टिकेल, हीही आशा फोल आहे, कारण थर झिजतोच. तेव्हा मध्यम किमतीचा तवा घ्या, लाकडी उलथने वापरा आणि थर सुटू लागताच तो बदला.